पाट्यावरची मोहीम, अर्थात मेजर राजकुमार हिवराळे यांच्या डाव्या हाताची हकीकत

छत्रपती संभाजीनगरच्या सुभ्यात, वाळूजच्या कारखान्यांलगत, मौजे बजाजनगर येथे मातुःश्री लीलाबाईसाहेब हिवराळे यांनी खुद्द चिरंजीवांच्या डाव्या हातावर मोहीम काढिली आणि एकवीस दिवसांत तो हात सर केला, त्याची हकीकत घडली तैशी लिहितो. लिहिणाराने त्या मोहिमेतला ठेचा खाल्ला आहे, सबब साक्ष खोटी नव्हे. वाचणारांनी पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

चिरंजीव राजकुमार हे फौजेत मेजर, हेलिकॉप्टरांचे नामांकित शिलेदार. चौदा वर्षे हिमालयाच्या बर्फात फिरले, आणि आजारी जवान उतरविले, आणि रॉकेलचे डबे चढविले, आणि बटाट्यांची पोती चढविली, आणि एके समयी एका ठाण्याची बकरीदेखील चढविली. बकरी बसली, बटाटे बसले, परंतु जन्मदात्री बसली नाही, कारण फौजेच्या वाहनात घरचे माणूस बसविण्यास सक्त मनाई. हे शल्य बाईसाहेबांचे काळजात बहुत होते. मेजर रजेवर आले असता बाईसाहेबांनी भर पंगतीत पुसिले, "बकरी बसती अन् मी का नाय रे?" मेजरांनी वचन दिले की, फौजेचा निरोप घेऊ, रयतेची विमाने हाकू, आणि खिडकीची पहिली जागा मायला देऊ. निरोप घेण्यास गुडघेदुखी आणि सततच्या बदल्या हीही कारणे होती, परंतु घरात ती कोणी मोजीत नाही.

मग फौजेने निरोपाची मेजवानी दिली, आणि मेजर किताबे घेऊन बसले, आणि हवेची परीक्षा, नकाशांची परीक्षा, कायद्याची परीक्षा ऐसे एकेक गड घेतले, आणि वैद्यांनी डोळे, कान, काळीज तपासून दाखले दिले. लहान विमानही शिकले. त्यात शिकणाराने डाव्या गादीवर बसून उजव्या हाताने इंजिनाचा दांडा धरावयाचा, म्हणून कोठे अडले नाही. पुढे एका प्रवासी कंपनीने त्यांस नायब वैमानिक नेमिले, आणि घात तेथेच झाला. कारण नायबाची गादी उजवीकडे, आणि दांडा डाव्या हातास.

हेलिकॉप्टरातही मेजर उजवीकडेच बसत आणि डाव्या हाताने दांडा वर ओढीत. ओढिला की वाहन चढे. विमानात कायदा उलटा. दांडा पुढे लोटावा तेव्हा जोर वाढतो, मागे ओढिल्यास जोर मरतो. मेजरांस हे तोंडपाठ होते, परंतु हातास कोणी कळविले नव्हते.

हैदराबादेस कंपनीची परीक्षा होती. तेथे विमानाच्या डोक्याएवढी एक पेटी असते, ती जागची हलत नाही आणि आत बसणारास मात्र आपण उडतो असे वाटते. परीक्षक राव साहेब, मितभाषी गृहस्थ. जमीन दोनशे फुटांवर आली असता त्यांनी अकस्मात हुकूम केला की, उतरू नका, माघारी वर चढा. मेजरांचा डावा हात जुन्या इमानास जागला आणि त्याने दांडा मागे ओढिला. खोटे विमान खोट्या रानात आपटले, परंतु शरम खरी होती. राव साहेबांनी फर्माविले की, एकवीस दिवसांनी फेरपरीक्षा, आणि तीत चुकल्यास नेमणूक रद्द.

मेजर घरी आले ते मान खाली घालून. फौज सुटलेली, विमान हाती न आलेले, ऐसा मधल्या मधे लोंबकळणारा माणूस घरात वावरू लागला की भांडीसुद्धा हळू वाजतात. बाईसाहेबांनी दोन दिवस पाहिले. जेवताना, वर्तमानपत्र वाचताना, चिरंजीवांचा डावा हात खुर्चीच्या कडेने आपोआप वर उठत होता. तिसरे दिवशी त्यांनी दिवाणखान्यात, बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर, सर्वांस बसवून मसलत केली. मेजरांनी वरणाची पळी हाती धरून सारा मामला समजाविला. पत्नी सुलेखाबाई शाळेत शिकवितात, त्यांची राय पडली की, रोज शंभर वेळा लिहून काढावे. वडील कडुबा यांनी तीस वर्षे कारखान्यात लेथ चालविली होती. ते म्हणाले, "हाताला लिहून-बोलून कळत नसतं. हात कामाला लावल्याबिगर शिकत नाय."

हे ऐकताच बाईसाहेब उठल्या आणि मोरीत गेल्या. तेथे पिशोर गावाहून आणिलेला पाटा होता. मिक्सर आल्यापासून त्याजवर कपडे धूत. तो त्यांनी घासून ओसरीत मांडविला, वरवंटा ठेविला, हिरव्या मिरच्या आणि लसूण यांची रास घातली, आणि सुलेखाबाईंच्या ओढणीने मेजरांचा उजवा हात पाठीशी बांधविला. मग आज्ञा झाली, "मी 'वर' म्हणलं की पुढं रेटायचं. वर जायचं आसंल तर पुढं रेट! मागं वढलास तर मिरच्या वाढवीन."

पुढे जे युद्ध माजले त्याचे वर्णन करिता लेखणी झोंबते. पहिले दिवशी "वर" म्हणताच हात मागे आला आणि वरवंटा मेजरांच्या गुडघ्यावर पडला. दुसरे दिवशी त्यांनी त्याच हाताने डोळा चोळिला आणि प्रहरभर नळाखाली डोके धरून राहिले. बाईसाहेब बेसावध गाठण्यात पटाईत. मेजर दाढी करीत असता, फोनवर बोलत असता, दाराआडून "वर!" अशी आरोळी येई, आणि जेथे असतील तेथे त्यांनी डावा हात पुढे लोटावयाचा. एकदा दारात कुरिअरवाला उभा होता, तो उगाच ढकलला गेला.

ठेचा इतका निपजला की गल्लीत घरोघरी वाट्या गेल्या, आणि पहिल्या पाळीच्या कामगारांचे डब्यांत गेला. कडुबांनी शर्थीने खाल्ला आणि दोन दिवस शौचकूपाचे ठाणे धरून राहिले. फेरपरीक्षेस तीन दिवस उरले असता मेजर खचले. वरवंटा बाजूस ठेवून म्हणाले, "माय, नाय झालं तर?"

बाईसाहेब कठोर खऱ्या, परंतु त्यांचे डोळे भरून आले, आणि ते मिरचीने नव्हे. म्हणाल्या, "नाय झालं तर मी खालीच बरी हाय, राजा. पण तू आसा खुर्चीत बसून ऱ्हायलेला मला बघवत नाय." मग पदराने नाक पुसून पुन्हा गरजल्या, "वर!" हात पुढे गेला.

फेरपरीक्षेस मेजर जयभीम करून निघाले. पुन्हा तीच पेटी, तेच राव साहेब, तीच दोनशे फुटांवरची जमीन. हुकूम सुटला. डावा हात मागे येतो की काय असे झाले, इतक्यात बोटांत मुरलेली मिरची भगभगली, आणि मेजर मोठ्याने ओरडले, "पुढं रेट!" आणि दांडा पुढे गेला, आणि खोटे विमान खोट्या आभाळात दिमाखाने चढले. राव साहेबांनी पुसिले की, हा हुकूम कोणत्या किताबातला? मेजरांनी अदबीने सांगितले की, मातुःश्रींचा आहे. राव साहेबांनी उत्तीर्ण लिहिले.

मग रीतसर तालमी पुऱ्या जाहल्या, आणि एके दिवशी चिकलठाण्याच्या विमानतळावरून मेजर नायब वैमानिक म्हणून निघाले. खिडकीशी लीलाबाईसाहेब, शेजारी कडुबा. विमान धावू लागताच बाईसाहेबांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी पुढची खुर्ची जोराने रेटू लागल्या. त्या खुर्चीतले सफारीवाले गृहस्थ वळून म्हणाले, "मावशी, सीट का ढकलता?"

"थांबा जरा, दादा," बाईसाहेब डोळे न उघडता बोलल्या, "पोराचा हात तिकडं हाय, माझा बी लागू द्या."

गृहस्थांनी मुकाट्याने पाठ ताठ केली. विमान चढले. येणेप्रमाणे डाव्या हातावरील मोहीम फत्ते पावली, कडुबा हिवराळे आणि सदर गृहस्थ यांची साक्ष. ढगांवर आल्यावर बाईसाहेबांनी डोळे उघडिले, बाहेर बहुत वेळ पाहिले, डोळ्यांस पदर लाविला, आणि कडुबांस हळूच पुसिले, "आवं, त्या बकरीला खिडकी भेटली व्हती का?"

कडुबांनी सांगितले की, नाय. तेही दफ्तरी नोंदविले आहे.