दामल्याच्या करवती

दामल्या करवत विकत घेण्याआधी तिला वाजवून बघायचा. श्टुटगार्टच्या जुन्या बाजारात थंडीनं माझे कान झडायची वेळ आलेली असायची आणि हा पठ्ठ्या गंजक्या पात्याची कमान करून सोडायचा, पेरानं टकटक करायचा, डोळे मिटून ऐकायचा. सूर लांबला की म्हणायचा, "गेनाऊ! अगदी बरोबर! पोलाद जिवंत आहे."

आम्ही दोघं पुण्याचे. इथं डॉक्टरेट करत होतो आणि फ्राऊ केलर या बाईंकडे शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो. युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. लोक विजेची यंत्रं घेत होते आणि आजोबांच्या करवती मोडीत काढत होते. दामल्या मोडीच्या भावानं घ्यायचा आणि त्यातही घासाघीस करायचा. स्वतः उकडलेल्या बटाट्यांवर राहायचा, पण कानस उत्तमच लागायची.

धार लावणं हा सोहळा. दोन फळ्यांत पातं आवळायचं, मेणबत्तीनं दातांवर काजळी धरायची, मग त्रिकोणी कानस फिरवायची. काळ्यातून चमक आली की तो दात झाला. मी तासन्‌तास बघत बसायचो. मूठ मात्र तो निर्दयपणे खरवडायचा, कोरं लाकूड दिसेपर्यंत. "आधीच्या माणसाचा घाम काढल्याशिवाय करवत आपली होत नाही," हे त्याचं ब्रह्मवाक्य.

खंडेनवमीला त्यानं सगळ्या करवती टेबलावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं आणि फुलं म्हणून बाईंच्याच खिडकीतले जिरेनियम खुडले. बाई तावातावानं वर आल्या. "हेर दामले, हे काय?"

"वर्षभर राबणाऱ्या हत्यारांचा आज मान असतो. आज त्यांना कामाला लावायचं नाही."

बाई तळघरात गेल्या आणि एक करवत घेऊन आल्या. त्यांच्या नवऱ्याची. तो रशियाच्या आघाडीवरून परतलाच नव्हता. दामल्यानं ती कितीदा तरी मागितली होती आणि बाईंनी हात लावू दिला नव्हता.

"हिलाही ओळीत ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि नंतर बाकीच्यांसारखी सुंदर करून द्या."

मुठीवर घामाचा काळा डाग होता, अंगठ्याच्या जागी झिजून खळगा पडला होता. दामल्या मुठीचं काय करतो हे बाईंना कुठं ठाऊक होतं? आणि कामाला बसल्यावर दामल्या कुणाचं ऐकायचा नाही.

दसरा उलटल्यावर त्यानं करवत खाली नेली. मीही मागोमाग गेलो. पातं लखलखीत, दात एका रांगेत. मूठ जशीच्या तशी.

"मूठ राहिली का रे?" मी मराठीत विचारलं.

"राहू दे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "ही आपली करायची नाहीये."

त्या क्षणी मला त्या विक्षिप्त माणसाला हात जोडावेसे वाटले. फ्राऊ केलरनी मूठ धरली. अंगठा आपसूक खळग्यात जाऊन बसला. बराच वेळ त्यांनी करवत खाली ठेवली नाही.