ओव्हाळ मास्तरांनी पसंत केलेली गिटार

या खरेदीत दीनानाथ परचुरे यांचा फायदा काय काय होणार होता, ते आधी बघू. पहिला फायदा म्हणजे खुर्ची. वारज्याच्या एका सोसायटीच्या क्लब हाउसात दर रविवारी संध्याकाळी चार मंडळी जॅझ वाजवायची. त्यातला गिटारवाला मुलीकडे कॅनडाला गेला आणि तिथेच रमला, त्यामुळे खुर्ची रिकामी झाली होती. दुसरा फायदा व्याह्यांकडचा. व्याही उठता-बसता ‘आमचा ट्रेकिंग ग्रुप’ म्हणायचे. त्यावर ‘आमचा जॅझ ग्रुप’ हे उत्तर चार भिंती हादरवणारं होतं! तिसरा फायदा पद्मजाबाईंचा. निवृत्त नवरा आठवड्यातून एक संध्याकाळ घराबाहेर! ही जमेची बाजू त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही, पण बस कुठली जाते ते मात्र स्वतः शोधून ठेवलं.

राहता राहिले ओव्हाळ मास्तर. त्यांचा फायदा काय? तर काही नाही. तरीही बुद्धभूषण ओव्हाळ, खडकवासल्याकडच्या लष्करी बँडातून निवृत्त झालेले बँडमास्तर आणि या जॅझ मंडळींचे सर्वेसर्वा, शनिवारी भर दुपारी वारज्याहून शनिवार पेठेत यायला तयार झाले होते. का, तर परचुऱ्यांना गिटार निवडून द्यायला! दुपारची झोप मोडून दुसऱ्याच्या खरेदीला येणारा माणूस शनिवार पेठेने आजवर पाहिलेला नाही. दीनानाथराव म्हणाले, “केवढा हा मोठेपणा!”

पद्मजाबाई नुसत्या “हं” म्हणाल्या.

गिटार नवी घ्यायची कारण जुनी मास्तरांनी नापास केली होती. दीनानाथरावांची लाल, सपाट, ठोकळ्यासारखी भरीव गिटार बघून ते म्हणाले होते, “परचुरे, ही वरातीत चांगली शोभेल. जॅझला पोकळ गिटार लागते. आर्चटॉप! सारंगीसारखं फुगीर पोट, आणि पोटाला दोन फटी. आवाज कसा, लाकडातून आला पाहिजे.”

“मला सांगता?” दीनानाथराव म्हणाले. “सहा महिने अभ्यास केलाय मी! इंटरनेटकडे आता मला दाखवायला नवीन गिटार उरलेली नाही.”

“अभ्यास राहू दे. जॅझमध्ये बोटं नंतर, कान आधी. शेजारच्याने मनातल्या मनात बेसूर म्हटलं तरी मला ऐकू येतं. कच्च्या कानाचा माणूस मी खुर्चीवर बसवत नाही.”

इथे दीनानाथरावांनी हळूच केस डाव्या कानावर सारखे केले. कारण त्यांचा उजवा कान नोकरीसोबतच निवृत्त झाला होता आणि डावा यंत्रावर चालू होता! शेंगदाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं ते मशीन मुलाने आणून दिलं होतं. ते मोबाइलला जोडलेलं होतं, त्यामुळे पद्मजाबाईंचा फोन थेट डोक्यात वाजायचा. ही गोष्ट घराबाहेर कुणालाही माहीत नव्हती. केस त्यांनी मुद्दाम कानावरून वाढवले होते, आणि लोक समजत होते, कलावंत झाला बिचारा.

तर शनिवारी दुपारी दोघे दुकानात शिरले. दुकान सोनालीचं. वडिलांच्या पेट्या-तबल्यांच्या जोडीला तिने गिटारी आणल्या होत्या, पण गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत मात्र वडिलांचीच ठेवली होती.

“घ्यायची आहे की बघायची?” तिने विचारलं.

“घ्यायची!” दीनानाथराव छाती काढून म्हणाले. “आर्चटॉप.”

“मग बसा. बघायची असती तर उभं राहायचं होतं.”

दीनानाथरावांची नजर भिंतीवरच्या एका गिटारीवर खिळली. मधासारखी पिवळी, अखंड लाकूड कोरून पोट काढलेली. त्यांनी ती मांडीवर घेऊन एक सूर छेडला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. जणू कुणी गरम वरणभातावर तुपाची धार सोडली!

“ही नको!” मास्तर म्हणाले.

“का हो?”

“कोरीव पोटाची गिटार फार हळवी. स्पीकरजवळ नेली की आवाज फिरून तिच्याच पोटात शिरतो आणि ती कोकलायला लागते. ती घ्या. खिडकीजवळची.”

खिडकीजवळ एक तपकिरी गिटार टांगलेली होती. तिच्यावर धुळीचा थर होता.

“ती?” सोनाली म्हणाली. “काका, ती हलवली की खुळखुळते. आतलं काहीतरी सुटलंय. दिवाळीपासून कुणी घेत नाहीये.”

“पोट प्लायवूडचं आहे, मजबूत!” मास्तर तिच्याकडे लक्ष न देता म्हणाले. “परचुरे, लिहून देतो, ही गिटार जन्मात शिट्टी मारणार नाही.”

“हे काका दर महिन्याला येऊन विचारतात, ती विकली गेली का म्हणून,” सोनाली दीनानाथरावांना म्हणाली. “एवढी आवडती तर स्वतः का नाही घेत?”

“मी सॅक्सोफोन वाजवतो,” मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

खुर्ची मास्तरांच्या हातात होती. दीनानाथरावांनी जड मनाने पिवळी खाली ठेवली आणि तपकिरी घेतली. सोनाली पट्टा आणायला आत गेली. लाकडाचा आवाज नीट ऐकावा म्हणून, बाळाची चाहूल ऐकावी तसा, दीनानाथरावांनी डावा कान गिटारीच्या पोटाला लावला. छान आवाज होता. खोल, मऊ. अजून थोडा कान दाबला. तिसऱ्यांदा दाबला, आणि जगाचा आवाज एकदम बंद झाला!

रस्त्यावरच्या रिक्षा गेल्या, डोक्यावरचा पंखा गेला. दीनानाथरावांनी कान चाचपला. कान होता. मशीन नव्हतं. ते गिटारीच्या फटीतून आत गेलं होतं, पोस्टाच्या पेटीत पत्र जावं तसं!

आता एखादा साधा माणूस म्हणाला असता, “अहो, माझं मशीन आत पडलं, जरा काढून द्या.” पण शेजारी कोण बसलं होतं? ‘कान आधी’वाले मास्तर! दीनानाथरावांनी चेहऱ्यावर जाणकाराचं स्मित चिकटवलं आणि ठरवलं, आता ही गिटार घरी नेल्याशिवाय सुटका नाही. तोवर कुणी काही विचारलं की मान डोलवायची.

तेवढ्यात गिटार शिट्टी मारू लागली. कानाबाहेर पडलेलं मशीन बंद जागेत कोंडलं की तसंच करतं. कुईंऽऽऽ!

सोनाली पट्टा घेऊन बाहेर आली ती दारातच थबकली. “काका, ही शिट्टी कसली?”

दीनानाथरावांनी मान डोलावली.

“कुठली शिट्टी?” मास्तर म्हणाले.

“अहो, ही काय! केवढी वाजतेय! कुकर झालाय तिचा!”

मास्तरांनी डोळे मिटून, मान कलती करून, बराच वेळ ऐकलं. बारीक, टिपेचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. पण ते सोनालीला काय माहीत? “काही शिट्टी नाही,” त्यांनी निकाल दिला. “हिचा स्वभावच नाही तो. काय परचुरे?”

दीनानाथरावांनी दुप्पट जोराने मान डोलावली.

दोन-दोन जाणकार छातीठोक सांगतायत म्हटल्यावर सोनालीने आधी स्वतःच्या कानात बोट घालून हलवलं. मग पंखा बंद केला, लाइट बंद केले, शेजारच्या दुकानात डोकावून आली. शिट्टी चालूच! शेवटी ती वैतागली. “हे बघा, आमच्या वडिलांनी खराब माल कधी विकला नाही. ही खुळखुळत होती, आता शिट्ट्या मारायला लागली. उद्या नाचेल! मी ही कंपनीला परत पाठवते.”

तिने हात पुढे केला आणि गंमत बघा, गिटार दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदमच धरली!

“परत नाही पाठवायची!” मास्तर ओरडले.

सोनालीचा हात गिटारीकडे येताना दिसला, एवढं दीनानाथरावांना पुरेसं होतं. “घेतली! मी ही घेतली!” तेही ओरडले.

“पिवळी इतकी सुंदर असताना?”

मान डोलली.

“तक्रार चालणार नाही. विकलेली वस्तू परत नाही, बदलून नाही. कबूल?”

मान डोलली.

“शिट्टीपायी थोडी सूट देते. पण पट्टा आणि गिटार ठेवायची पेटी वेगळी घ्यावी लागेल, महागातली.”

मान डोलली. असं गिऱ्हाईक सोनालीच्या वडिलांनीही पाहिलं नसेल. तिने पैसे घेऊन पावती फाडलीसुद्धा.

तेवढ्यात दीनानाथरावांच्या खिशात मोबाइल थरथरला. पद्मजा! सवयीने त्यांनी हिरवं बटण दाबलं, आणि गिटारीच्या पोटातून बारीक पण ठसठशीत आवाज आला, “अहो, ऐकलं का!”

सोनाली एक पाऊल मागे सरकली.

“किती वेळ लावताय? येताना कोथिंबीर आणा! हॅलो? ऐकू येतंय का? का पुन्हा कानातलं मशीन काढून ठेवलंत, त्या ओव्हाळ मास्तरांना कळू नये म्हणून? कळलं तर काय खातील ते तुम्हाला? हॅलो!”

दोन्ही जाणकार शांतपणे पावतीकडे बघत होते. सोनालीने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि दीनानाथरावांच्या कानाशी नेला.

“काका! तुमच्या मिसेस गिटारीतून बोलतायत! कोथिंबीर आणायला सांगतायत!”

हे मात्र दोघांनाही ऐकू गेलं. दीनानाथरावांचा चेहरा आमसुलासारखा झाला. खुर्ची गेली. व्याही जिंकले. “मास्तर,” ते पुटपुटले, “माझं मशीन आहे आत. कानाचं. सांगायला हवं होतं मी.”

मास्तर नुसते गिटारीकडे बघत राहिले. ओरडले नाहीत, हे जरा विचित्रच होतं.

सोनालीने सतरंजी पसरली. तिघांनी मिळून तपकिरी गिटार पालथी केली आणि मातीच्या गल्ल्यातून नाणी काढावीत तशी गदागदा हलवली. आधी एक गिटारीची नखी पडली. मग दीनानाथरावांचं मशीन पडलं, अजून शिट्टी मारत! त्यांनी ते झडप घालून कानात बसवलं. जग परत आलं, रिक्षांसकट.

“थांबा,” सोनाली म्हणाली. “खुळखुळ अजून आहेच.”

तिने आणखी एक हिसका दिला, आणि सतरंजीवर दुसरं मशीन पडलं. धुळीने माखलेलं.

दीनानाथरावांनी कान चाचपला. त्यांचं तर कानातच होतं.

“हे कुणाचं?” सोनालीने विचारलं.

बंद पंख्याकडे इतक्या बारकाईने बघणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. “माझं असू शकेल,” मास्तर म्हणाले.

“असू शकेल?”

“दिवाळीच्या पाडव्याला आलो होतो सहज. कान लावून बघितला.”

“अहो, मग तेव्हाच सांगायचं! दोन मिनिटांचं काम!”

“काय सांगू?” मास्तर एकदम उसळले. “आयुष्यभर बँडाचे सूर लावले मी! दुकानात सांगू, की बाई, माझा कान पडलाय, बघा जरा?”

मग दीनानाथरावांना हसू फुटलं. सोनालीला फुटलं. शेवटी मास्तरांनाही फुटलं, आणि ते इतकं फुटलं की डोळे पुसावे लागले.

“मास्तर,” दीनानाथरावांनी हळूच विचारलं, “खुर्चीचं काय?”

“तुमचीच! आणि यातलं क्लब हाउसात काही बोलायचं नाही.”

“कशाबद्दल?” दीनानाथराव म्हणाले. “मला तर काही ऐकूच आलं नाही!” मग त्यांनी सोनालीकडे वळून जरा लाडीगोडी लावली. “आता ती पिवळी...”

“परत नाही, बदलून नाही. आपण मान डोलावलीत. चार वेळा.”

रविवारी क्लब हाउसात पद्मजाबाई मुद्दाम ऐकायला आल्या. तपकिरी गिटारीचा आवाज खरंच छान होता, खोल, मऊ, आणि खुळखुळीशिवाय! दीनानाथराव खुर्चीवर असे बसले होते की व्याह्यांनी बघावं. मास्तरांनी नवी बॅटरी घालून मशीन कानात बसवलं, ताठ उभे राहिले आणि हाताने इशारा केला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच ते आपला जॅझ ग्रुप स्वच्छ ऐकत होते.

अर्धं गाणं झालं असेल नसेल. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. खाली बघत मशीन कानातून काढलं, तळहातावर घेऊन क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “परचुरे, जरा ती गिटार इकडे करा.”

तर हिशेब असा. मास्तरांना त्यांचं मशीन फुकट परत मिळालं, आणि ते त्यांना नको होतं. सोनालीचा न विकला जाणारा माल विकला गेला, वर महागातली पेटीही खपली. दीनानाथरावांनी पैसे मोजले, पण खुर्ची मिळाली आणि व्याही गप्प झाले. खरी किंमत मोजली ती पद्मजाबाईंनी. कारण त्या संध्याकाळी क्लब हाउसात धडधाकट कानाच्या त्या एकट्याच होत्या, आणि परतीची बस रात्री साडेआठला होती!