दगडूमामा पाकिस्तानकडून

आमच्या गल्लीत दगडूमामाइतका वाईट माणूस दुसरा नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. अंगात एक गुण नाही, तोंडात एक चांगला शब्द नाही. आणि भारत-पाकिस्तानची मॅच असली की हा माणूस सकाळी अंघोळ करून गल्लीच्या तोंडाशी मारुतीसमोर उभा राहायचा, हात जोडायचा आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "देवा मारुतीराया, आज पाकिस्तान जिंकू दे. नारळ फोडतो."

कोणी त्यांच्या अंगावर धावून जायचं नाही. उलट आमचे हे ओट्यावरून ओरडायचे, "मामा, अजून जोरात! देवाला ऐकू गेलं न्हाई!"

मामांची पिठाची गिरणी जाफराबादेत आमच्या घरासमोर. भुवया, कानावरचे केस, पायाची बोटं, सगळं पिठाने पांढरं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा दळण घेऊन गेले, तर गिरणीच्या अंधारात एक पांढरी भुवई वर झाली.

"काय हाय? ज्वारी? न्हाई जमत. बिलकुल न्हाई जमत."

मी डबा उचलून घरी आले. सासूबाई पोट धरून हसल्या. "अगं, ते तसंच म्हणतेत. जा, ठेवून ये." संध्याकाळी पीठ तयार, आणि असं मऊ की भाकरी आपोआप गोल फिरावी.

सगळ्याला त्यांचं हेच उत्तर. मामा, पाऊस येईल का? न्हाई जमत. मामा, भोकरदनची एसटी वेळेवर निघंल का? बिलकुल न्हाई जमत.

पण हे पाकिस्तानचं प्रकरण निघालं कसं, ते सांगते. मी लग्न होऊन यायच्याही आधीची गोष्ट, तेव्हा गल्लीत टीव्ही नव्हता. गिरणीत एक रेडिओ होता आणि त्याच्यावर बोटभर पीठ. मामा तेव्हा आपल्यासारखेच भारताकडून होते, आणि वेड्यासारखे होते. पण व्हायचं काय, की मामा म्हणायचे, "आता चौका मारतो बघा," आणि रेडिओतला माणूस लगेच सांगायचा की दांडी उडाली. मामा म्हणायचे, "हा गडी आज शंभर करतो," आणि तो गडी पुढच्या चेंडूला तंबूत. पहिल्यांदा लोक हसले. मग लोकांचं हसू गेलं. गिरणीला लागून रशीदभाईंचं शिलाईचं दुकान. त्यांनी एक दिवस मशीन थांबवून सांगितलं, "मामा, तुमची जबान काली हाय. आपल्यावाल्यांना काही बोलू नक्को."

त्यानंतरच्या मॅचला आपण हरत आलो होतो. मामांनी वैतागून हातातलं फडकं आपटलं. "जाऊ द्या तिकडं! जिंकू द्या त्या पाकिस्तानलाच!"

आणि आपण जिंकलो.

त्याच संध्याकाळी रशीदभाईंच्या ओट्यावर गल्ली बसली आणि ठरलं. आजपासून मामा पाकिस्तानकडून. मामा म्हणाले, "न्हाई जमत." पण जमलं.

पुढे ह्यांनी जालन्याहून टीव्ही आणला, एसटीत मांडीवर बाळासारखा धरून. मग मॅच आमच्या घरी. गिरणी चालू झाली की टीव्हीतलं चित्र आक्रसायचं, खेळाडू ज्वारीच्या दाण्याएवढे व्हायचे. म्हणून मॅचच्या दिवशी गिरणी बंद. बायका दळणाचे डबे घेऊन परत जायच्या आणि त्या रात्री साऱ्या गल्लीत भात.

घर पुरुषांनी भरलेलं असायचं. मला गडीमाणसांसमोर बोलायचीही लाज. मी स्वयंपाकघराच्या दारामागे, हातात चहाचं पातेलं. फटीतून टीव्ही दिसायचा नाही, खिडकीखाली स्टुलावर बसलेले मामा तेवढे दिसायचे. म्हणजे मी क्रिकेट शिकले ते मामांच्या तोंडावर.

मामांच्या अंगात हिरवा सदरा. रशीदभाईंनी परकराच्या उरलेल्या कापडाचा शिवला होता. माप घेताना म्हणाले होते, "सरळ उभं राहा मामा, दुश्मनाचं माप घेऊन राह्यलो." पाकिस्तानचा एक माणूस बाद झाला की मामा कपाळावर हात मारायचे. आपला बाद झाला की टाळी वाजवायचे, आणि त्या टाळीतून पिठाचा ढग उठायचा.

"उडव दांडी! उडव!" मामा ओरडायचे. पण मला फटीतून दुसरंच दिसायचं. तोंड दांडी उडवायला सांगत असायचं आणि डावा हात स्टुलाची कड अशी गच्च धरून असायचा की बोटं पिठाहून पांढरी. चेंडू सीमेपार गेला की हात सैल व्हायचा. मग तोंड म्हणायचं, "हात्तिच्या! गेला की चौका!"

एकदाच घसरले. आपल्या एका कोवळ्या पोराने असा फटका मारला म्हणे की मामांच्या तोंडून निघून गेलं, "वा रे वा!" पुढच्या चेंडूला तो पोरगा बाद. साऱ्या खोलीने माना वळवून मामांकडे पाहिलं. मामांनी स्वतःच्या दोन्ही कानशिलांत मारून घेतल्या आणि सामना संपेपर्यंत तोंडात उपरण्याचा बोळा धरून बसले.

आमच्याकडे एक नवीन हवालदार बदलून आले होते. मॅचच्या दिवशी गल्लीतून चालले होते आणि आमच्या खिडकीतून त्यांना ऐकू आलं, "पाकिस्तानच जिंकलं पाह्यजे!" हवालदार काठी घेऊन घरात.

"कोण बोललं? कोण बोललं ते?"

"मी," मामा उठले. हिरवा सदरा, पांढऱ्या भुवया.

"नाव?"

"दगडू."

हवालदार गोंधळले. त्यांनी खोलीभर पाहिलं. रशीदभाई पुढे झाले. "साहेब, बसा. हे आमचं पाकिस्तान हाय. ह्यांनी तिकडून बोललं तरच आपण जिंकतो. चुकून मी बोललो असतो, तर तुमची काठी बराबर होती."

हवालदारांची काठी खाली आली. मग आपला कोणीतरी बाद झाला, मामांनी टाळी वाजवली, पिठाचा ढग हवालदारांच्या टोपीवर बसला, आणि पहिले हसले ते हवालदारच. खाली बसले. जाताना मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या मॅचलाही तिकडूनच बरं का."

मॅचपुरतं ठीक होतं हो. पण माझी शोभा दहावीला बसली, तेव्हा मामा ओट्यापाशी येऊन म्हणाले, "ही काय पास होती! बिलकुल न्हाई जमत. भाकरी थापायला बसवा तिला." पोरगी पहाटे उठून अभ्यास करत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आठ दिवस दळण सासूबाईंच्या हाती पाठवलं. शोभा चांगल्या मार्कांनी पास झाली, तर मामा पेढ्यांचा पुडा घेऊन दारात. "कापी केली असंल," म्हणाले आणि पुडा ठेवून निघून गेले. पेढ्यांनासुद्धा पीठ लागलेलं.

मी रशीदभाईंच्या घरी भाभींजवळ कुरकुर केली. भाभी शिवणातले दोरे तोडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुला माहीत न्हाई? कौसाबाईचं?"

कौसाबाई मामांची बायको. मी यायच्या आधीच गेलेली. तिला पोटाच्या ऑपरेशनला जालन्याला नेलं होतं. मामा रोज तिच्या उशाशी बसून सांगायचे, तू बरी होणार, दिवाळीचं पुरण तूच घालणार, तुझ्यासाठी लुगडं घेऊन ठेवलंय. लुगडं खरंच घेतलं होतं. तेच तिच्या अंगावर घालून तिला शेवटचं नेलं.

"मॅचचं त्याच्या आधीचं, नुसती गंमत. पण तवापासून," भाभी म्हणाल्या, "ज्याचं चांगलं व्हावं वाटतं, त्याचं ते वाईटच बोलतेत. त्यांची माय पण तशीच होती. आधीची दोन लेकरं गेल्ती, म्हणून ह्याचं नाव दगडू ठेवलं. दगड म्हणलं, म्हणून जगलं."

मी दुसऱ्या दिवशी दळण स्वतः घेऊन गेले. "न्हाई जमत," मामा म्हणाले. मला ते पहिल्यांदाच गोड लागलं.

आता त्या मॅचचं सांगते. त्या वर्षी मामा आजारी पडले. पोटात गाठ निघाली. ऑपरेशन जालन्यालाच करायचं होतं. गिरणी बंद पडली, मामा गिरणीमागच्या खोलीत खाटेवर. एकटेच. जेवणाचं ताट आमच्याकडून जायचं. आणि ज्या सकाळी त्यांना जीपने न्यायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी मॅच आली.

सुरुवातीला कोणी मामांना त्रास दिला नाही. स्टूल तसंच रिकामं ठेवलं, त्यावर हिरवा सदरा घडी करून. पाकिस्तानने धावांचा डोंगर केला. आपले खेळायला आले आणि ज्वारीची कणसं खुडावीत तसे पडायला लागले. ह्यांनी चपला उलट्या ठेवून पाहिल्या. एकजण म्हणाला मी बाहेर उभा राहतो, माझ्यामुळं होत असंल. शेवटी रशीदभाई उठले.

"काय बघत बसले? पाकिस्तानला आणा जल्दी!"

चौघांनी मामांना खाटेसकट उचलून आणलं. गोधडीवर हिरवा सदरा पांघरला. खिडकीखाली खाट टेकवताना जो तो धीर देत होता. "मामा, काही होत न्हाई तुम्हाला." "मामा, ठणठणीत होऊन येता बघा." "दिवाळीला गिरणी चालू!" मी फटीतून पाहत होते. प्रत्येक शब्दाला मामा गोधडी जरा वर ओढत होते. शेवटी नुसते डोळे बाहेर राहिले.

पण टीव्ही पाहिला आणि हळूहळू हनुवटी बाहेर आली. "हारलं," मामा पुटपुटले. "भारत हारलं. न्हाई जमत."

चौकार!

खोली उसळली. "बोला मामा, बोला!" मामांना दम नव्हता. मग रशीदभाई त्यांच्या तोंडाशी कान लावून बसले, आणि मामा काय म्हणाले ते ओरडून सांगायला लागले. "मामा म्हणतेत, हा गडी आंधळा हाय!" चौकार! "मामा म्हणतेत, ह्याच्या हातात बॅट हाय का उलथनं!" षटकार! माझा चहा उतू गेला, गॅस विझला, मला कळलंही नाही.

शेवटचं षटक. शेवटचा चेंडू. चौकाराशिवाय गती नाही. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकेना. रशीदभाईंनी कान लावला. मामांचे ओठ हलले.

"मामा म्हणतेत," रशीदभाईंचा आवाज फाटला, "न्हाई जमत! बिलकुल न्हाई जमत!"

मला मामांचा डावा हात दिसत होता. खाटेची कड गच्च धरलेला. मग तो सुटला, आणि त्याच क्षणी घर हादरलं. जिंकलो होतो. कोणी कोणाला उचललं, रशीदभाईंनी ह्यांचा मुका घेतला, सगळे एकमेकांना ढकलत बाहेर पळाले. रस्त्यावर फटाक्यांची माळ सुरू झाली. "पाकिस्तान हारलं रे!" पोरं खिडकीतून मामांना चिडवून गेली.

खोलीत मामा एकटे राहिले. दर वेळी असंच व्हायचं. सारी गल्ली जिंकायची आणि मामा हरून मागे राहायचे.

मी चहाची कपबशी घेऊन दारात आले होते. त्यांना मी दिसले नाही. त्यांनी दोन्ही हात गोधडीतून काढले आणि टीव्हीकडे बघत टाळी वाजवली. अगदी हलकी, आवाज न होणारी. मग अजून एक. गिरणी बंद होती ना, हात स्वच्छ होते. पीठ उडालं नाही. मामांचं तोंड लहान पोरासारखं उजळलं होतं.

मग मी दिसले.

"शोभाची माय, कोणाला सांगू नको."

मी मान हलवली. बाहेर फटाके चालूच. थोड्या वेळाने मामा आढ्याकडे बघत म्हणाले, "उद्या काय व्हईल गं?"

इतक्या वर्षांत मी मामांना दळणापलीकडे तोंड उघडून काही बोलले नव्हते. पदर डोक्यावर सारखा केला. कपबशी स्टुलावर ठेवली.

"काय व्हणार, मामा? न्हाई जमत. तुम्ही काही परत येत न्हाई. गिरणीचा पट्टा उंदरं खातील. मी तर दळणासाठी दुसरी गिरणी बघून ठेवली."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. मग गोधडी हलायला लागली. दुखरं पोट धरून हसत होते, आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे चाललं होतं.

"बराबर," ते म्हणाले. "साऱ्या गल्लीत तू एकटी बराबर बोललीस." आणि चहा सगळा प्यायले.

आता शोभाला दोन लेकरं आहेत. टीव्ही रंगीत झाला, हिरवा सदरा पार विरून गेला. आज सकाळीच दळण घेऊन गेले, तर अंधारातून ती पांढरी भुवई वर झाली.

"आज मॅच हाय. न्हाई जमत."

"नका जमवू," मी म्हणाले. "नाहीतरी तुमचे आता किती दिवस राहिलेत!"

मामांनी समाधानाने मान डोलावली आणि डबा आत ओढून घेतला.

म्हणून वर लिहिलं तेच पुन्हा लिहिते. फार वाईट माणूस आहे. आम्हाला तो मुळीच नको आहे.