भिंगरीच्या हाताचं माप

"माप चुकलं, तर ठिगळ लागेल. लपवून ठेवशील, तर आतून उसवेल!"

थोरल्या मास्तरांचं हे बोलणं मास्तरांनी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या हाताखाली शिंपीकाम शिकत असताना, कोटाची एक बाही उलटी कापून ती टेबलाखाली सरकवली होती त्या दिवशी. थोरले मास्तर ओरडले नव्हते. कात्रीच्या तालावर, ओवी म्हणावी तसं नुसतं गुणगुणले होते. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण माणूस गेला तरी आवाज कुठं जातो? मंगळवारी सकाळी तो पुन्हा मास्तरांच्या कानाशी आला, आणि त्याच्यापाठोपाठ जळक्या प्लास्टिकचा वास आला.

झालं ते असं. इस्त्रीच्या टेबलावर अस्तराचं पातळ कापड पसरलेलं होतं आणि त्याच्या मधोमध एक उंचवटा होता. मास्तरांचा चष्मा नेहमीसारखा कपाळावर. त्यांना वाटलं, घडी आहे. तीस वर्षांत मास्तरांपुढे एकही घडी टिकली नव्हती. त्यांनी पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली. घडी बसेना. "हट्टी दिसतेस," असं म्हणून त्यांनी टाचा उचलल्या आणि दोन्ही हातांनी सगळा भार इस्त्रीवर टाकला. 'कट्' असा आवाज झाला.

घड्या कधी 'कट्' म्हणत नाहीत.

जळलेलं अस्तर बाजूला केलं तेव्हा खाली माऊस होता. होता म्हणजे, सकाळपर्यंत होता. आता त्याची पाठ बसली होती, बटणं वितळून एकमेकांना चिकटली होती, आणि आतला छोटासा हिरवा दिवा शेवटचं लुकलुकत होता.

हा माऊस भिंगरीचा. भिंगरी म्हणजे मास्तरांची सतरा वर्षांची लेक. जन्मल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून भिंगरी. फक्त एका ठिकाणी ती ठरायची, ते म्हणजे घराला लागूनच असलेल्या दुकानाच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर. त्याच्यावर दिवसा बिलं निघत आणि संध्याकाळी लढाया होत. या माऊससाठी तिनं अख्खी सुट्टी बापाच्या दुकानात काज-बटणं केली होती. बोटांना सुया टोचून घेतल्या होत्या, पण एक दिवस चुकवला नव्हता. आणि येत्या रविवारी दुपारी तीन वाजता शहराच्या गेमिंग संघाची निवड होती. जो तो आपापल्या घरून खेळणार, आणि त्यातून पाच जण घेणार.

मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुकानात कापड घातलेल्या पुतळ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि पुतळ्याला डोकं नव्हतं. मास्तरांनी माऊस उचलला आणि कतरणांच्या पोत्यात खोल, पार कोपरापर्यंत हात घालून पुरला.

"बाबा, माझा माऊस बघितलात का?" संध्याकाळी भिंगरीनं विचारलं. "पुसून इथंच कुठंतरी ठेवला होता."

"कुठला?" मास्तर म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण खोटं बोलायला माणसाला भाषण थोडंच करावं लागतं? एक शब्द पुरतो.

"कुठला म्हणजे? माझ्याकडे काय डझनभर आहेत? काळा! दिवे लागतात तो!"

"नीट बघ. असेल." हे बोलताना मास्तर सुईत दोरा ओवत होते. सुईत आधीच एक दोरा होता.

भिंगरीनं घर उलथंपालथं केलं. आईनं दोन शब्द सुनावले, "सतरांदा सांगितलं, जिथली वस्तू तिथं ठेवावी!" आणि लेक पाठमोरी होऊन डोळे पुसत राहिली. मास्तरांना दिसलं. छातीत कुणीतरी टाचणी खोचली आणि काढायचं विसरलं, असं त्यांना झालं.

बुधवारी दुसरं उघडकीला आलं. इस्त्रीच्या बुडाला वितळलेलं काळं प्लास्टिक चिकटलं होतं, आणि हे मास्तरांना कळलं ते दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्याशुभ्र कोटावर पोटाशी हाताएवढा काळा डाग उमटल्यावर. मास्तरांनी डागावर खिसा लावला. खिसा एकटा बरा दिसेना, म्हणून जोडीला दुसरा लावला. डॉक्टरीणबाई आल्या, कोट अंगावर चढवून आरशापुढे उभ्या राहिल्या.

"मास्तर, हे खिसे मी सांगितले नव्हते."

"नाही. ते... आपले मनानंच लावले."

"किती विचार करता हो तुम्ही गिऱ्हाइकाचा!" बाई गहिवरल्या. "बाकीच्या तीन कोटांनाही लावा."

मास्तरांनी मान खाली घातली. शिव्या परवडल्या असत्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती.

"गेमिंगचा माऊस द्या. चांगला."

"कुणासाठी, काका?"

"लेकीसाठी."

"हात केवढा आहे तिचा?"

मास्तर हसले. रस्त्यापलीकडून चालणाऱ्या माणसाची छाती अडतीस की चाळीस हे सांगणारा माणूस. त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. गावातल्या प्रत्येक खांद्याचा उतार ठाऊक होता. लेकीचा हात केवढा, ते आठवेना. शेवटचं माप मनात होतं ते शाळेच्या पहिल्या दिवसाचं, त्यांच्या तर्जनीभोवती मावणाऱ्या मुठीचं.

"बरं, धरते कसा?" मुलीनं तीन माऊस पुढे ठेवले. "काही जण अख्खा तळवा टेकवतात, मांजर उशीवर निजावं तसा. त्यांना असा मोठा, भरल्या पाठीचा. काहींचा पंजा असतो, तळव्याचं टोक टेकलेलं आणि बोटं कमानीसारखी उभी. त्यांना हा मधला. आणि काही नुसत्या बोटांच्या टोकांनी उचलतात, तळवा लागूच देत नाहीत. त्यांना हा, छोटा, हलका."

"ते... नीट धरते ती."

"आणि गेम कुठला खेळते? पटकन नेम धरून मारायचा असेल तर वजन कमी हवं. फौजा हलवायच्या असतील तर जास्त बटणं."

"पळतात त्यात," मास्तर म्हणाले.

"काका, सगळ्यांतच पळतात." मुलगी समजुतीनं हसली. "मापं घेऊन या."

मापं घेऊन या! तीस वर्षांत हे वाक्य मास्तरांनी हजारांना ऐकवलं होतं. त्यांना कुणी ऐकवायची ही पहिलीच वेळ. कान असे तापले की त्यांवर कॉलरला इस्त्री करता आली असती.

घरी येऊन ते म्हणाले, "भिंगरे, हात दे जरा. हातमोजे शिवतो तुला."

"या उकाड्यात?"

"थंडी काय सांगून येते?"

लांबी पावणेसात इंच, रुंदी तीनला थोडी कमी. लहानसा, निमुळता हात. मधल्या बोटाच्या टोकाला सुईच्या खुणा, सुट्टीतल्या काज-बटणांच्या. मास्तरांनी तो क्षणभर जास्तच धरून ठेवला.

"बाबा, किती वेळ?"

"झालं, झालं."

पण हाताचं माप म्हणजे धरण्याचं माप नव्हे. मग गुरुवारी मास्तरांनी तेच केलं जे शिंपी करतो: आधी कच्चे टाके घालून ट्रायल काढायची. खाकी कापडाचे तीन माऊस शिवले. आत कतरणं ठासली, वजनाला कोटाची बटणं भरली. एक थोराड, एक मधला, एक चिमुकला. तिन्ही कॉम्प्युटरपाशी ओळीनं मांडले.

"हे काय नवीन?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"टाचण्या खोचायला," मास्तर म्हणाले. एकदा सवय लागली की जीभ आपणच शिवत जाते.

संध्याकाळी भिंगरी आली. बिलांच्या जुन्या, खडखडणाऱ्या माऊसवर तिनं पाच मिनिटं सराव केला, हरली, कपाळावर हात मारला आणि जागा करायला ते खाकी गोळे एकेक करून बाजूला ठेवू लागली. मास्तर पुतळ्याआड श्वास रोखून उभे. पहिला उचलला, नुसत्या बोटांच्या टोकांनी. दुसरा, तसाच. तिसरा, अगदी अलगद, तळवा न लावता!

मास्तरांनी पुतळ्याला मिठी मारली. शुक्रवारी आपलं दुकान उघडायच्या आधीच ते त्या मुलीसमोर उभे होते. "बोटांची टोकं," त्यांनी जाहीर केलं, आणि छोटा, हलका माऊस घेऊन आले. वाटेतच त्यांनी खोकं उघडलं. वस्तूची शिवण कुठं आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना कधी काही विकत घेता येत नसे. वर लिहिलं होतं, उघडलेला माल परत घेतला जाणार नाही. असू दे, परत करतोय कोण?

"बाबा! माझ्यासाठी?" भिंगरी त्यांच्या गळ्यातच पडली.

"जुना सापडेपर्यंत असू दे आपला," मास्तर पुटपुटले.

"बघ गं," मास्तरीणबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "तोंडानं नुसतं 'उंदीर फिरवत बसते' म्हणायचं, आणि मन बघ कसं लोण्यासारखं! असा बाप मिळायला भाग्य लागतं."

मास्तरांना त्या कतरणांच्या पोत्यात स्वतःच शिरून वरून तोंड बांधून घ्यावंसं वाटलं.

शनिवारी टेबल आवरताना त्यांनी एक खाकी माऊस मुठीत धरला आणि ते किंचाळले. बोटातून रक्त आलं.

"अगं, हे काय?"

"टाचण्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात ना, टाचण्या खोचायला? दोन डब्या रिकाम्या केल्या मी त्या तिन्हींत."

"कधी?"

"गुरुवारीच. ती यायच्या आधी."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. साळिंदर कोण तळवा टेकवून धरेल? लेक नव्हे, टाचण्या बोलत होत्या! आणि आपण त्यांचं माप घेऊन आलो.

रविवारी पावणेतीन वाजता भिंगरीनं खोक्यातच जपून ठेवलेला नवा माऊस पहिल्यांदा हातात घेतला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला. 

"कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"छान आहे, बाबा." ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. मान वर केली नाही.

मास्तरांनी हा आवाज ओळखला. बाही मुंढ्यात, काखेशी काचते आहे, आणि बिचारं गिऱ्हाईक आरशात बघून 'छान आहे' म्हणतं आहे, त्याचा हा आवाज. असं गिऱ्हाईक भांडत नाही. निमूट जातं आणि पुन्हा येत नाही. घड्याळात बारा मिनिटं उरली होती. कात्री भिंतीला टांगलेली होती, तरी मास्तरांना तिचा ताल ऐकू आला.

ते उठले. पोत्यापाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी कतरणं उपसू लागले. लाल, निळी, करडी कतरणं दुकानभर उडाली.

"अहो, काय चाललंय?"

"बाबा?"

मास्तरांनी तो चपटा काळा गोळा काढला आणि लेकीसमोर टेबलावर ठेवला. अंगाला सगळीकडे दोरे चिकटलेले.

"मी," ते म्हणाले. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "मीच. मंगळवारी. घडी समजून दाबला. पाणीसुद्धा मारलं वरून. आणि लपवला. तू रडत होतीस तेव्हा मी सुईत दोरा ओवत होतो, आणि त्या सुईत दोरा होता."

 मास्तरीणबाईंनी पदर डोळ्यांपासून खाली घेतला आणि कमरेला खोचला. हे लक्षण बरं नव्हतं.

"नव्याचं माप चुकलंय, ठाऊक आहे मला," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "पण हा जुना आहे. वापरलेला कपडा खोटं बोलत नाही. कोपर कुठं घासतं, कुठं ताण पडतो, सगळं सांगतो. याच्यावरून कळेल तू कसा धरतेस, मग या नव्याच्या पाठीला मी गादी लावतो, कडेला चामड्याची पट्टी. दहा मिनिटांत ऑल्टर होईल."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. माऊस उजेडात धरला. वितळलेला भाग सोडून जे उरलं होतं ते बोटानं चाचपलं. पुढच्या कडेला नखांच्या खुणा. बाजूला अंगठ्याचा इवलासा घासलेला ठिपका, तोही अगदी टोकाशी. आणि मागे, जिथं तळवा टेकायचा, तिथं... मास्तरांनी पुन्हा बघितलं. तिथला भाग कोरा करकरीत होता, दुकानातून आणल्यासारखा.

"भिंगरे," ते सावकाश म्हणाले, "हा हात इथं टेकलेलाच नाही. पुढच्या वर्षी बसेल म्हणून पोराला मोठा कोट घ्यावा, आणि त्यानं वर्षभर बाह्या दुमडून हिंडावं, तसं झालंय हे. बोटांच्या टोकांनी लोंबकळत होतीस तू याला."

भिंगरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मास्तरांच्याच कानांवर गेली होती पोरगी.

"हा तुझ्या मापाचा नव्हताच."

तिनं त्या छोट्या, हलक्या माऊसकडे पाहिलं. तिची बोटं त्याच्यावर आपसूक बसली होती, तळवा वर, हवेत.

"दिवे लागायचे त्याला," ती शेवटी म्हणाली, इतक्या हळू की पुतळ्यानंही डोकं असतं तर पुढे केलं असतं. "घेताना काउंटरवरची ताई सांगत होती, 'हात बघून घे, हा मोठा होईल.' मी ऐकलंच नाही. पहिल्याच दिवशी कळलं, बसत नाही. मनगट दुखायचं. पण अख्खी सुट्टी काज-बटणं केली होती, बाबा. कुठल्या तोंडानं सांगणार? मंगळवारी हरवला तेव्हा रडले ना, ते अर्धं याच्यासाठी, की मला सुटल्यासारखं वाटलं. आणि आता हा तुम्ही आणलात, तर... हा बसतोय, बाबा. इतका बसतोय, की काय बोलावं तेच कळेना."