तळपदे मॅडम विचारतात, हौस कुणाची?

आमच्या तळपदे मॅडम कुठल्याही बंगल्यात शिरल्या की मालकांना नमस्कार करायच्या आधी भिंतीला कान लावतात. बोटाच्या पेरानं टकटक करतात, डोळे मिटतात, दोन पावलं सरकतात, पुन्हा टकटक. जुना गिलावा आतून सुटला असेल तर आवाज पोकळ येतो, हे शास्त्र झालं. पण मॅडम ते अशा चेहऱ्यानं करतात की बघणाऱ्याला वाटावं, भिंतीची तब्येत बरी नाही आणि घरच्यांनी ती लपवून ठेवली आहे. मध्येच कोणी "चहा घेणार?" विचारलं की एक बोट वर होतं. "एक मिनिट. हिचं बोलणं होऊ दे."

वय सत्तरीला टेकलेलं, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. जुने बंगले मूळच्या रूपात आणून देणारे आर्किटेक्ट मुंबईत मोजकेच, त्यातल्या या एक. त्यांच्या गिरगावातल्या ऑफिसात मी सोळा वर्षं ड्रॉइंग काढतेय. त्या मला नुसतं 'परब' म्हणतात. माझं पहिलं नाव त्यांना माहीत आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही.

गेल्या वर्षी वाळकेश्वरचा एक बंगला आला. हिऱ्यांचे व्यापारी असलेल्या शेठजींनी नवाच विकत घेतलेला. त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा राजवाड्याचे फोटो काढून दाखवले. जेवणाच्या दालनात सोनेरी देवदूत हवे होते, कोपऱ्याकोपऱ्यात एकेक. आणि सागवानी छत झाकून खाली फॉल्स सीलिंग.

मॅडमनी चष्मा पुसला. "ही हौस कुणाची?"

"म्हणजे?"

"तुमची, मिसेसची, की दिवाळीला येणाऱ्या व्याह्यांची?"

शेठजींनी मोबाइल खिशात टाकला. शेठाणी मागून हळूच म्हणाल्या, "व्याह्यांचीच."

"घरात माणसं किती?"

"तीन."

"बाथरूम?"

"नऊ."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "लिही परब. माणशी तीन."

मला वाटलं, गेलं हे काम. पण मॅडम ब्लेड काढून खिडकीजवळच्या भिंतीवरचे रंगाचे थर खरवडायला लागल्या होत्या. क्रीम, गुलाबी, पुन्हा क्रीम, निळा, आणि सगळ्यांच्या तळाशी फिका पिस्ता रंग. शेठाणी पुढे आल्या, त्यावरून बोट फिरवलं. "असाच कलर आमच्या भावनगरच्या घराला होता. लग्नाच्या आधी."

"आता ही तुमची हौस," मॅडम म्हणाल्या. देवदूतांचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

हे काम संपत आलं आणि माझ्या घरचं प्रकरण उभं राहिलं. घोडपदेवच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, अकराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. चावी येऊन दोन महिने झाले तरी आई भाड्याच्या खोलीतून हलेना. रोज सकाळी वाद आणि रोज मला ऑफिसला उशीर. शेवटी मॅडमनी कारण विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि रडूच आलं.

"रविवारी येते," त्या म्हणाल्या.

मी नको नको म्हणाले. बंगले करणाऱ्या बाईला दोन खोल्यांचा फ्लॅट काय दाखवायचा! पण त्या आल्या, त्याच बुटांत, टेप घेऊन. आईला आधी वाटलं, म्युनिसिपालटीतून कोणी तपासणीला आलंय. मॅडमनी तिला नव्या फ्लॅटवर नेलं आणि रिकाम्या फरशीवर समोर बसवलं.

"बाई, तुमची हौस काय?"

"माझी? ह्या पोरीक विचारा."

"पोरीला नाही विचारलं."

आईनं उघड्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, चाळीत ती दारात तांदूळ निवडत बसायची. येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा. "हय दार लावन बसाचा. मी मेलंय तरी कोणाक कळाचा नाय."

हे ती मला कधी बोलली नव्हती. मी तरी कुठे विचारलं होतं?

मॅडमनी तिथल्या तिथे पेन्सिल चालवली. बाहेर जाळीचं दार, म्हणजे आतलं दिवसभर उघडं ठेवता येईल. आत, दाराला लागून, मांडी घालून बसता येईल असा रुंद बाक. "इथून थेट लिफ्ट दिसते. मजल्यावर कोण आलं, कोण गेलं, तुम्हाला कळलंच पाहिजे."

तीन आठवड्यांत आई राहायला गेली. आता अकराव्या मजल्यावर पाहुणा आला की तो आधी आईला सांगतो तो कुणाकडे चाललाय.

मॅडम बाक बघायला आल्या, बांगडे जेवल्या, कढी दोनदा मागितली. हात धुताना आईनं सहज विचारलं, "आणि तुमचा घर कोणी केल्यान?"

मॅडमनी नळ बंद केला. "माझं करायचं राहिलंच."

"मी येतंय बगूक. बुधवारी."

मॅडम ऑफिसच्या वरच्याच मजल्यावर राहतात. सोळा वर्षांत तो जिना मी चढले नव्हते; बुधवारी आईच्या मागून चढले. वर एक खाट, एक खुर्ची, एक टेबल, आणि भिंतीला लागून छतापर्यंत ड्रॉइंगच्या गुंडाळ्या. सगळ्या दुसऱ्यांच्या घरांच्या.

आईनं डबा ओट्यावर ठेवला आणि पदर खोचला. "ह्यां टेबल काळोखात कित्याक? हय नको, खिडकीकडे घेवा." करोडपतींचं न ऐकणाऱ्या मॅडम मुकाट्यानं टेबलाचं एक टोक धरून सरकल्या. मग खाट फिरली. मग खुर्ची. खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा दोघी घामाघूम होऊन हसत होत्या.

जेवायला वाढायची वेळ झाली. मी मांडणीवर ताटं शोधायला लागले. ताट एकच होतं. वाटी एक, भांडं एक.

आईनं ते पाहिलं. तिनं पैसे माझ्या हातात दिले आणि खालच्या भांड्यांच्या दुकानातून दोन ताटं घेऊन ये म्हणाली.

मी जिना उतरायला लागले. मॅडम दारापर्यंत आल्या, मागे आईकडे एकदा पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,

"परब, चार आण."