टी पेशी नेमक्या कोणाच्या

अल्माटीच्या त्या दवाखान्यात फ्लूची लस टोचण्याआधी रक्त घेत आणि महिन्यानं पुन्हा घेत. रक्तातल्या टी पेशी लसीमुळे किती जाग्या होतात, ते डॉक्टर सेरझानना पाहायचं होतं. बिबिनूरची पहिली नळी तपासल्यावर मात्र त्यांनी रक्त घेणाऱ्या तोल्कीनला बोलावलं.

"बाई सत्तरीची. लस टोचण्याआधीच हिच्या पेशी फ्लूवर अशा तुटून पडल्यात, की नळीत तुझंच रक्त भरलंस की काय? सुई लावण्याआधी नाव पुकारलं होतंस?"

"नाही."

"का?"

"सासूबाई आहेत माझ्या."

त्या काळी आमच्याकडची सून हातात निखारा धरेल, पण सासरच्या मोठ्या माणसाचं नाव तोंडातून काढणार नाही; कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला नुसतं 'अपा' म्हणायचं. डॉक्टरांनाही हे ठाऊक होतं, तरी संशय फिटेना.

"दुसरं रक्त माझ्यासमोर घ्यायचं, नाव पुकारून. नाहीतर सुई बंद. बाटल्या धुवायच्या."

महिन्यानं बिबिनूर आली ती फणफणतच. "पहिलं रक्त माझं नव्हतं म्हणे. मग माझं गेलं कुठं?"

"तुमचंच होतं, अपा."

"तुम्हीच सांगून टाका ना नाव," डॉक्टर म्हणाले.

"माझं नाव मला पाठ आहे. नियम हिला आहे ना?" बिबिनूरनं बाही वर केली आणि सुनेच्या ओठांवर डोळे रोखले.

बाहेरच्या बाकावर रक्त द्यायला बसलेल्या शेजारणी दाराकडे झुकल्या. तोल्कीनच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता; घर या सुईवर चाललं होतं.

"बिबिनूर," ती म्हणाली.

"ऐकलंत का गं," बाकावर कोणीतरी पुटपुटलं.

बिबिनूरनं रक्त दिलं. घरी मात्र सुनेनं ओतलेला चहा ती आधी मांजरीपुढे ठेवायची, थोडा वेळ मांजरीकडे पाहायची आणि मगच प्यायची.

निकाल सांगायला सगळ्यांना बोलावलं, तेव्हा डॉक्टर स्वतः बाकापाशी आले. "या दुसऱ्या नळीतही पेशी तशाच, उलट जास्तच तिखट. चूक माझी. आयुष्यात झालेला प्रत्येक फ्लू या पेशींनी लक्षात ठेवलाय. या वयात अशा पेशी मी पाहिल्या नाहीत."

बिबिनूरनं शाल सारखी केली, शेजारणींवरून नजर फिरवली आणि सुनेकडे वळली.

"कोणाच्या पेशी म्हणाले ते?"

तोल्कीन सावध झाली. "तुमच्या, अपा."

"इथं सगळ्या अपाच बसल्यात," बिबिनूर म्हणाली. "नाव घेऊन सांग. जरा मोठ्यानं."