टायरवरची वेल

टायरकडे बघून कुणाच्या तोंडून ‘अहाहा!’ निघालेलं तुम्ही कधी ऐकलंय? माझ्या टायरकडे बघून निघालं होतं! आता ते माझ्याच तोंडून निघालं, ही गोष्ट वेगळी.

मी टायरच्या कारखान्यात आहे. टायरवर ज्या खाचा असतात ना, त्या आखणारा माणूस म्हणजे मी! या खेपेला मधोमध नागमोडी वेल आणि दोन्ही बाजूंना पानं काढली होती. साहेब इतके खूश, की ही नक्षी दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून तिची सरकारदरबारी नोंदणीच करायची ठरली.

“सोमवारी अर्ज जाईल,” कंपनीच्या वकीलबाईंनी बजावलं. “तोवर नक्षी चारचौघांत दिसली, तर ती नवी राहिली नाही असं धरतात. मग नोंदणी विसरा!”

“मॅडम, माझ्या सावलीलासुद्धा दिसणार नाही!”

नमुन्याची दोनच टायरं होती. कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून ती घरी आणून मी माझ्या स्कूटरला चढवली, वर चादर टाकली आणि घरात जाहीर केलं, “हिला कुणी हात लावायचा नाही!”

हे सासऱ्यांसमोर बोललो, तिथेच फसलो. सासरे निवृत्त बसड्रायव्हर. एकतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही! चाकं दिसली, की त्यांचे हात शिवशिवतात. रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेवढ्यात बाहेर ‘सुर्रर्र... धप्प!’

अर्ध्या गालावर फेस घेऊन मी धावलो. गवंड्यानं नुकतंच अंगणात फाटकापर्यंत सिमेंट टाकून आरशासारखं गुळगुळीत केलं होतं. त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी वेल उमटली होती, पानन् पान! टोकाला आडवी स्कूटर आणि ओल्या सिमेंटमध्ये बसकण मारलेले सासरे.

“बाबा, लागलं का?”

“मला काय धाड भरलीय! पण जावईबापू, हे टायर आहे की साबणाची वडी? ब्रेक दाबला तर जास्तच पळत सुटलं!”

“टायर उत्तम आहे! तुम्हीच जोरात...”

“मी? एकतीस वर्षं...!”

“भांडा सावकाश,” गवंडी म्हणाला. “पण नक्षी झकास उठलीय हं! सगळीकडे अशीच उठवू का?”

इतक्यात आवाज ऐकून शेजारच्या काकू फाटकाकडे यायला लागल्या! मी चादर ओढून वेलीवर पसरली. हातभर वेल उघडीच राहिली. मग काय, तिच्यावर मीच पालथा पडलो!

“अगंबाई! काय झालं हो?”

“काही नाही काकू, व्यायाम!”

“फेस लावून?”

बायकोनं वकीलबाईंना फोन केला. त्या येईपर्यंत मी अर्धा तास तसाच, सिमेंटला गाल लावून. आल्या आल्या त्यांनी गवंड्याला थापी फिरवायला लावली. “एवढी चांगली नक्षी!” असं हळहळत त्यानं सगळं पुसलं. बाईंनी ओट्यावरच लॅपटॉप उघडला.

“सोमवारची वाट नको, आत्ताच अर्ज भरू. एक सांगा, ही नक्षी पकडीसाठी आहे की शोभेसाठी? नोंदणी फक्त दिसण्याची होते. आकार निव्वळ कामासाठी ठरला असेल, तर नोंदणी मिळत नाही.”

मी छाती काढली. “पकड म्हणजे काय मॅडम! यातलं एकेक पान...”

“पकड?” सासरे कडाडले आणि त्यांनी बाईंकडे पाठ केली. सिमेंटनं लेंग्याची मागची बाजू पार कडक झाली होती. “बघा ही पकड! या वेलीचा पकडीशी काडीचाही संबंध नाही!”

बाईंचे डोळे चमकले. “हेच हवं होतं! काका, परत एकदा सांगा, सावकाश.”

सासऱ्यांनी सांगितलं. बाईंनी टाइप केलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळला. “नक्षी तुमची, तेव्हा सही तुमची.”

सहा महिने त्या पानांचे कोन मोजत बसलो होतो हो मी! पण साहेबांना नोंदणी हवी होती, आणि सासरे माझ्याकडे टक लावून बघत होते. केली सही.

नोंदणी झाली. प्रमाणपत्राची प्रत सासऱ्यांनी स्वतः फ्रेम करून दिवाणखान्यात लावली. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवतात, “आमच्या जावयाला सरकारनं लिहून दिलंय, की याचं टायर फक्त बघायला चांगलं आहे!”

“बाबा, यात तसं कुठे लिहिलंय?” मी पुटपुटतो.

“यात नसेल. अर्जात आहे की! तुमच्याच सहीनं!”